साबणाच्या डबीवर चालणारं मशीन

ऑफिसात माझी आकडेमोड दुसऱ्याकडून तपासून घ्यायची पद्धत होती. दुसऱ्यांची माझ्याकडून नाही. मी कालव्याचा छेद काढला की तो कागद साहेबांच्या टेबलावरून माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याकडे जायचा, आणि तो "बरोबर आहे" म्हणाला की मगच त्यावर सही व्हायची. तो माझ्याच पदावरचा, माझ्याबरोबरच रुजू झालेला. फरक एवढाच की मी कोट्यातून आले होते आणि ते ऑफिसातल्या भिंतींनाही ठाऊक होतं. त्यात मी बाई. तोंडावर कुणी काही बोलत नसे. "तसं काही नाही बाई, एक नजर फिरवलेली बरी असते," साहेब म्हणायचे. ती नजर कायम माझ्याच कागदांवरून फिरायची. एकदा सहकाऱ्याच्या कागदात मला चूक दिसली आणि मी ती दाखवली, तेव्हा साहेब हसून म्हणाले, "घाईत होतं हो कोणाचंही." माझी कधी घाईत झालेली नव्हती. मला तेवढी चैन परवडण्यासारखी नव्हती.

आमचं काम पाण्याचं. नदीवर बंधारा बांधला की पाणी त्याच्या मागे अडतं आणि चढत चढत वरपर्यंत जातं. त्याला फुगवटा म्हणतात. तो कुठवर जाईल, किती चढेल, कोणाचं शेत बुडेल हे बांधायच्या आधी काढावं लागतं. बंधाऱ्यापासून सुरुवात करून थोडं थोडं मागे सरकायचं, प्रत्येक ठिकाणी पाण्याची खोली आधी अंदाजानं धरायची, हिशेब करायचा, जमलं नाही की दुसरी खोली धरून पुन्हा करायचा. असं जमेपर्यंत. मग आणखी मागे सरकायचं. एका नदीचा फुगवटा काढता काढता आठवडा निघून जायचा आणि मान धरून यायची. मला ते काम आवडायचं. कोणाला पटो न पटो, त्या कामात माझा हात बसलेला होता.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हा माझा मोठा भाऊ आखातातून सुट्टीवर आला. तो तिकडे वेल्डर होता. येताना लोक टेपरेकॉर्डर आणायचे, साड्या आणायचे. त्यानं माझ्यासाठी एक कॅल्क्युलेटर आणला. पण नेहमीचा नाही. त्याला काडेपेटीपेक्षा थोडा मोठा पडदा होता, त्यावर आलेख उमटायचा, आणि त्याला एकदा रीत शिकवून ठेवली की तो ती लक्षात ठेवायचा.

"तुह्या कामाचं हाय म्हने वं हे," भाऊ म्हणाला. "दुकानदाराले म्या सांगतलं, माही बहीन इंजिनियर हाय, सगळ्यात हुशार मशीन दे."

त्याच्या बोलण्यातला तो अभिमान मला अजून ऐकू येतो. घरात माझ्या हुशारीवर सगळ्यांचा विश्वास होता. तो रोज सकाळी डब्याबरोबर घेऊन निघायचं आणि ऑफिसच्या दारात ठेवून आत जायचं, असं चाललं होतं.

मशीनसोबत एक जाडजूड पुस्तक आलं. ते इंग्रजीत होतं, पण लिहिणाऱ्याला स्वतःला ते इंग्रजी कितपत येत होतं याची शंका यावी असं. मी त्याला चिकटूनच बसले. त्या मशीनची मेमरी एवढीशी होती. फुगवट्याची सगळी रीत तिच्यात बसेना. मी एक एक आज्ञा छाटत गेले, दोन ओळींचं काम एका ओळीत आणलं, जे आधी दोनदा काढायचे ते एकदाच काढून पुन्हा वापरलं. शेवटी ते बसलं. मी बंधाऱ्याची उंची घातली, नदीचा उतार घातला, पाणी घातलं आणि बटण दाबलं. मशीन बराच वेळ गप्प राहिलं. मग पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून एक एक ठिपका उमटायला लागला आणि ठिपक्यांची एक रेघ डावीकडे सरकत गेली. तो फुगवटा होता. स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून मी पाणी मागे चढताना पाहिलं. मला इतका आनंद झाला की मी बाबांना हाक मारली.

बाबा गिरणीतून निवृत्त झाले होते. त्यांनी चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रेघ तं सुंदर काढली. पन हे तू काढली का त्यानं?"

"म्या शिकवलं त्याले, बाबा."

"मंग तूच काढली," ते म्हणाले आणि पुन्हा रेडिओकडे गेले. एवढी सोपी गोष्ट पुढे मला ऑफिसात कोणालाही समजावून सांगता आली नाही.

मशीनच्या आत नाण्यासारखे चपटे सेल होते. मशीन बंद असलं तरी मेमरी शाबूत राहायला त्यांची गरज होती; सेल संपले की शिकवलेलं सगळं पुसलं जाई. आणि मी त्याच्याकडून जितकं काम घेत होते तितके ते झपाट्यानं संपणार होते. पडदा फिका पडायला लागला तशी मी सीताबर्डीवर गेले. घड्याळांची सगळी दुकानं पालथी घातली. घड्याळाचे सेल होते, पण ते बारके. एका दुकानदारानं माझा सेल उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "हा माल इकडे नाय येत मॅडम. मुंबईले भेटन. नाहीतर जिथून मशीन आलं तिथूनच मंगवा." भाऊ परत जाऊन महिने झाले होते.

मग मी स्वतःच हातपाय हलवले. चपट्या सेलांचा विजेचा जेवढा दाब तेवढाच टॉर्चच्या दोन सेलांचा मिळून होतो, हे काही गुपित नव्हतं. प्लास्टिकची एक साबणाची डबी घेतली, तिच्यात दोन सेल बसतील अशा पत्र्याच्या पट्ट्या लावल्या आणि दोन वायरी बाहेर काढल्या. मशीनच्या पाठीला विणकामाची सुई तापवून भोक पाडलं. सोल्डरिंग आयर्न विकत आणलं होतं. पहिले काही डाग धरेनात, बोट मात्र भाजलं.

बाबा दारात उभे राहून पाहत होते. "नव्या मशीनले भोक काहून पाडून राहिली वं? तुह्या भावानं एवढ्या दुरून आनलं."

"उपाशी ठेवू का मंग त्याले?"

डाग धरला. डबी जोडली, मशीन सुरू झालं, पडदा पहिल्यापेक्षाही ठळक दिसायला लागला. आता एकच पथ्य होतं. डबीची वायर निघता कामा नये. डबीतले सेल बदलायचे तर तेवढ्यापुरती दुसरी डबी लावून मगच पहिली काढायची. मी डबीवर औषधाची चिकटपट्टी लावली आणि त्यावर शाईनं ठळक लिहिलं: वायर काढू नये.

ऑफिसात मशीनचं स्वागत माझं कधी झालं नव्हतं तसं झालं. जो तो टेबलाभोवती गोळा झाला. आठवड्याचं काम दुपारच्या जेवणाआधी होऊ लागलं तेव्हा तर साहेब स्वतः उठून आले. पडद्यावर ठिपके सरकताना पाहून ते म्हणाले, "वा! म्हणजे आता बाईंना काही करायलाच नको. सगळं आपोआप."

"आपोआप नाही सर. मी प्रोग्रॅम लिहिलाय त्यात."

"हो हो, तेच. बटणं दाबावी लागणारच."

त्या दिवसापासून माझे कागद तपासायला जाणं बंद झालं. मला वाटलं होतं, तसं झालं की बरं वाटेल. पण कागद तपासले जात नव्हते ते मशीनवर विश्वास होता म्हणून. माझ्यावरचा अविश्वास होता तसाच होता, फक्त आता तो दाखवायची गरज उरली नव्हती. आधी मला हिशेब येत नाही असं ते धरून चालायचे म्हणून तो माझा नव्हता, आणि आता मशीन करत होतं म्हणून माझा नव्हता. सहकारी तर लोकांना सांगायचा, "मॅडमना काय टेन्शन, भाऊ दुबईवरून हुशारी पार्सल करतो." सगळे हसायचे. मीही एकदोनदा हसले, आणि मग त्या हसण्याचाच राग आला.

मे महिन्यात पडदा काळा पडायला लागला. नागपूरचा उन्हाळा त्या मशीनच्या हिशेबात धरलेला नव्हता. अकरा वाजले की पडद्याच्या कडा काळवंडायच्या आणि दुपारी तर सगळा डांबरासारखा व्हायचा, आकडा काही दिसायचा नाही. आधी मी घाबरले. वायर तपासली, खोडरबरानं पट्ट्या घासल्या, सेल बदलले. मग लक्षात आलं की संध्याकाळी घरी आपोआप बरं होतं, म्हणजे दुखणं उन्हाचं आहे. मी त्याला कापडात गुंडाळून ऑफिसच्या माठाशेजारी ठेवायला लागले. ते साहेबांनी पाहिलं.

"अहो, एवढी नाजूक वस्तू माठापाशी ठेवता? माझ्या केबिनमध्ये आणा. कूलरसमोर ठेवू."

असं मशीनला साहेबांच्या केबिनमधल्या कूलरसमोर टेबल मिळालं. मला नाही. मी बाहेर पंख्याखाली घामानं भिजलेल्या कागदावर आकडे तयार करायची, दारावर टकटक करून आत जायची, उभ्यानं आकडे घालायची, उत्तर घ्यायची आणि बाहेर यायची. वाळ्याचा तो गार ओला वास तेवढ्यापुरता अंगाला लागायचा. पाऊस सुरू झाला, कूलर बंद झाला, तरी मशीन केबिनमध्येच राहिलं. कोणी बाहेरचं आलं की साहेब त्याला मशीन दाखवायचे आणि "आमचं मशीन" म्हणायचे. संध्याकाळी ते त्यांच्या कपाटात कुलूपबंद व्हायचं. माझ्या भावानं आणलेलं, मी भोक पाडलेलं, मी शिकवलेलं मशीन मला साहेबांकडे मागावं लागायचं. वस्तू माझी आहे हे बोलून दाखवायला हवं होतं. मी बोललेही एकदा. साहेब म्हणाले, "अहो तुमचंच आहे, कोण नाही म्हणतंय?" आणि किल्ली खिशात घातली.

त्याच पावसाळ्यात बातमी आली की आमच्या ऑफिसला कॉम्प्युटर मिळणार आहे आणि तो चालवायला एका इंजिनिअरला बाहेरगावी शिक्षणाला पाठवणार आहेत. परत आलं की डिझाइनचा सगळा कॉम्प्युटर विभाग त्याच्याकडे. मुंबईहून मोठे साहेब येऊन काम बघणार होते आणि त्यांच्या शब्दावर नाव ठरणार होतं. ऑफिसात प्रोग्रॅम म्हणजे काय हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. साहेबही म्हणाले, "बाई, तुमचंच नाव पुढे करू. त्यांना मशीनवर फुगवटा काढून दाखवा, म्हणजे झालं."

मला ते हवं होतं. किती हवं होतं ते सांगायला लाज वाटत नाही. पगार वाढणार नव्हता, पद तेच राहणार होतं. पण त्या खोलीत मी लिहिलेलं चाललं असतं आणि ते मी लिहिलंय हे कागदावर आलं असतं. पुन्हा कोणी नजर फिरवली नसती. मी तीन महिने फुगवट्याचा प्रोग्रॅम सुधारत राहिले. कागदावर लिहिलेला जुना होता. नंतरच्या दुरुस्त्या मी जेवणाच्या सुट्टीत केबिनमध्ये उभ्या उभ्या थेट मशीनमध्येच केल्या. वाकडीतिकडी नदी घातली तरी आता तो अडत नव्हता.

मोठ्या साहेबांचं घर नागपुरातच होतं. दसऱ्याला ते घरी येणार होते, म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी पाहणी ठरली.

दसऱ्याला आमच्या घरी पाय ठेवायला जागा नसते. आई-बाबांनी छप्पन साली इथेच दीक्षा घेतली, आणि त्यानंतर दर दसऱ्याला खाप्याकडचे, उमरेडकडचे सगळे नातेवाईक दीक्षाभूमीला येताना आधी आमच्याकडे उतरतात. भाकरी, पिठलं, अंथरुणं, सगळं बघावं लागतं. मी दरवर्षी नवमीला रजा घ्यायची, आणि ती कशासाठी घेते हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. त्यावर कोणी बोलत नसे, फक्त रजेचा अर्ज देताना साहेबांचा चेहरा थोडा कोरा व्हायचा. या वेळी मी मशीन घरी न्यायचं म्हणाले.

"एवढ्या गर्दीच्या घरात?" साहेब म्हणाले. "लहान मुलं असतील. काही झालं तर? कपाटात सुरक्षित राहील."

मी सहकाऱ्यासमोर, साहेबांसमोर सांगितलं: कोणीही मशीनला हात लावू नका, डबीची वायर काढू नका, वायर निघाली तर सगळं पुसलं जाईल. दोघांनी मान हलवली. चिकटपट्टीवरची शाई फिकी झाली होती, ती मी जाताना पुन्हा गिरवली.

पाहणीच्या दिवशी मी ऑफिस उघडायच्या वेळेलाच पोचले. केबिनच्या दाराला झेंडूचं तोरण होतं. आत टेबलावर लाल कापड अंथरलेलं आणि त्यावर नवमीची पूजा तशीच मांडलेली: मोजणीची दुर्बीण, साखळी, टाइपरायटर, आणि सगळ्यांच्या पुढे, मधोमध, माझं मशीन. पडद्यावर ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढलेलं होतं. बटणांवर हळद, कुंकू, अक्षता. फुलानं पाणी शिंपडलं होतं, त्यामुळे कुंकवाचा चिखल होऊन बटणांच्या फटींतून आत उतरला होता आणि आता वाळून बसला होता. डबीवर झेंडूचं फूल होतं. वायर जोडलेली होती.

मी मशीन सुरू केलं. सुरू झालं. प्रोग्रॅमची यादी काढली. एकही नव्हता.

तेवढ्यात सहकारी आत आला, कपाळाला टिळा लावलेला. त्याला मी विचारलं, वायर कोणी काढली होती?

"मीच," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काही चुकल्याचा मागमूस नव्हता. "नवमीला शस्त्रं चालू ठेवत नसतात मॅडम, त्यांना विश्रांती द्यावी लागते. जीपचीसुद्धा बॅटरी काढतो आम्ही. हे तर रात्रंदिवस वायरीवर. म्हटलं, पूजेपुरतं काढावं. आज सकाळी लवकर येऊन परत लावली ना! बघा, चालू आहे."

"मी सांगून गेले होते. लिहूनही ठेवलं होतं."

"तुम्ही वापरायच्या हिशेबानं सांगितलं. पूजेचं वेगळं असतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी साहेबांकडे गेले. ते पूजेच्या ताटातला पेढा खात होते. मी म्हटलं, सर, सगळं पुसलं गेलंय. ते मशीनकडे पाहत म्हणाले, "कसं पुसलं जाईल? होतं तसंच तर दिसतंय." मी पुन्हा समजावलं. तेव्हा त्यांचा आवाज बदलला. "बाई, पूजेत मशीनला पहिला मान दिला आपण. एवढा मान टाइपरायटरलाही नाही. मान दिल्यानं कधी काही बिघडतं का? आता तुमचं ते वेगळं आहे, तुम्हाला नसेल पटत."

बिघाडाबद्दल बोलत होते मी. त्यांनी ते माझ्या जातीवर आणून ठेवलं. मला लोकांच्या पूजेचा राग नव्हता, आजही नाही. बाबांच्या गिरणीतही मागांना हार घालायचे, आणि बाबा बाजूला उभे राहून सगळ्यांबरोबर चहा प्यायचे. पण ती वस्तू माझी होती. मला न विचारता घेतली, मी मना केलं ते मोडलं, आणि वर मलाच सांगत होते की मान दिलाय.

मोठे साहेब आले. चहा झाला. पाहुण्यांपुढे मशीन ठेवलं गेलं तेव्हा मी रुमालानं पडद्यावरचं कुंकू पुसलं होतं, पण उत्तर मागायचं मुख्य बटणच रुतून बसलं होतं. दाबलं की वर येत नव्हतं. नव्यानं प्रोग्रॅम घालायचाही प्रश्न नव्हता. "मशीनची आज जरा तब्येत बरी नाही सर," साहेब म्हणाले आणि सगळे हसले.

मी म्हटलं, सर, मी हातानं काढून दाखवते. आणि ड्रॉइंगच्या टेबलावर बसले. नदी सोपी घेतली. खोली धरायची, हिशेब करायचा, पुन्हा धरायची. माझा पहिलाच अंदाज बहुतेक ठिकाणी जवळ लागत होता, कारण ती नदी माझ्या बोटांत बसली होती. ते लोक जेवून परत येईपर्यंत मी आलेखाच्या कागदावर फुगवट्याची रेघ पूर्ण केली होती. आयुष्यात इतकं चोख काम मी क्वचित केलं असेल.

मोठ्या साहेबांनी कागद हातात घेतला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाले, "छान. अगदी बरोबर. पण हे काय, आम्हीही तरुणपणी असंच काढायचो. आज मशीनवर बघायचं होतं."

हातानं केलं तर ते कोणीही करतं, आणि मशीननं केलं तर मी केलेलंच नाही. मग मी ते करायचं तरी कसं? हे मी तेव्हा विचारायला हवं होतं, पण तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, आणि त्या माणसांसमोर मला रडायचं नव्हतं.

शिक्षणासाठी सहकाऱ्याचं नाव गेलं. साहेबांनी मला बोलावून गोड आवाजात कारण सांगितलं: "कॉम्प्युटर म्हणजे फार नाजूक वस्तू बाई. निगा राखता यायला हवी. मोठ्या साहेबांच्या मनात तेच आलं. ऐन वेळी मशीन बंद पडलं ना तुमचं." बाकी वेळी ते "आमचं मशीन" होतं. त्या दिवशी ते पहिल्यांदा माझं झालं.

मी मशीन घरी नेलं. पाठ उघडली, बटणांखालची रबराची चादर काढली, कापसाला स्पिरिट लावून कुंकू पुसलं. किती पुसलं तरी कापूस लालच यायचा. वाळवलं, जोडलं, सगळी बटणं चालायला लागली. संध्याकाळी बसून फुगवट्याचा प्रोग्रॅम पुन्हा घातला, सगळ्या दुरुस्त्यांसकट. सगळं माझ्या डोक्यात होतं, एक आज्ञाही चुकली नाही. ठिपके सरकायला लागले. बाबा येऊन शेजारी बसले. त्यांना सगळं कळलं होतं.

"आता परत नेशीन का तिथं?" त्यांनी विचारलं.

"नेते गा. मशीन नेते."

आणि त्यांच्यासमोर मी प्रोग्रॅम पुसून टाकला.

सहकारी शिकायला गेला होता आणि फुगवट्याची कामं साचली होती. साहेब रोज मशीनची चौकशी करत होते. मी त्यांच्या टेबलावर मशीन ठेवलं, डबीत नवे सेल घातलेले. म्हटलं, "दुरुस्त केलंय सर. ठेवा इथेच."

त्यांनी आनंदानं सुरू केलं, बटणं दाबून पाहिली आणि म्हणाले, "बाई, हे तर काहीच दाखवत नाही."

"काही करावं लागत नाही सर. सगळं आपोआप होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं, पण बोलता येण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी बाहेर येऊन माझ्या टेबलावर बसले आणि साचलेली कामं हातानं करायला घेतली. आठवड्याला एक नदी. कागद पुन्हा तपासायला जाऊ लागले.

पुढच्या सुट्टीत भावानं विचारलं, "मशीन कुठं हाय वं?" मी म्हटलं, ऑफिसात. त्याचा चेहरा खुलला. "बरं झालं. कामाले येऊन राहिलं म्हनजे." त्याला मी खरं सांगितलं नाही. त्यानं घाम गाळून आणलेल्या वस्तूचं काय झालं हे ऐकायची पाळी त्याच्यावर का यावी?

काही वर्षं गेली. ऑफिसात थंड हवेची खोली झाली, तिच्यात कॉम्प्युटर आला, आणि सहकारी त्या खोलीचा साहेब झाला. एका दसऱ्यानंतर मी कामावर आले तेव्हा एक नवी मुलगी रुजू झालेली होती, नुकती इंजिनिअर झालेली, दोन वेण्या घालणारी. तोच नवा साहेब तिला ऑफिस दाखवत होता. पूजेचं टेबल अजून उचललेलं नव्हतं. कॉम्प्युटरच्या शेजारी, लाल कापडावर, माझं मशीन होतं. दरवर्षीच्या हळदीकुंकवाचे थर बटणांवर चढून ती दिसेनाशी झाली होती. डबीतले सेल केव्हाच फुटले होते, त्यांचं पांढरं पाणी वायरीवर चढलं होतं. चिकटपट्टीवरची अक्षरं अजून वाचता येत होती. आता मात्र वायर कोणी काढत नव्हतं.

"हा आपल्या ऑफिसचा पहिला कॉम्प्युटर," तो तिला सांगत होता. "फुगवट्याची कितीतरी डिझाइनं यानंच केलीत. म्हणून आपण मान देतो."

मुलीनं वाकून मशीनला नमस्कार केला. मग माझ्याकडे वळून आदरानं विचारलं, "मॅडम, तुम्ही तेव्हा इथेच होतात ना? तुम्हाला यायचं का हो हे चालवायला?"

मी साहेबाकडे पाहिलं. तो पेढ्याचं ताट हातात घेऊन उभा होता.

"नाही वं पोरी," मी म्हटलं. "ते आपोआप चालायचं."

साहेबानं मान डोलावली. तिला ते खरं वाटलं.